अर्ध्यावर थांबवलेला अग्नी

फाल्गुनाची पौर्णिमा आली. पुरणपोळीचा नैवेद्य अग्नीला जाईल, गावोगाव शिमग्याच्या आरोळ्या उठतील, कोकणात पालख्या घराघरांतून फिरतील आणि देशावरच्या चौकाचौकांत एरंडाच्या फांदीभोवती गवऱ्या रचल्या जातील. आपल्या पंचांगातला हा शेवटचा महिना. पंधरा दिवसांनी गुढी उभी राहील, नवे संवत्सर लागेल. त्याआधी वाळलेले, झडलेले, नकोसे झालेले सारे अग्नीच्या स्वाधीन करून अंगण मोकळे करावे, अशी ही रीत आहे. वर्षाचा जमाखर्च मांडायला याहून योग्य मुहूर्त नाही. दुकानदार मार्चअखेरीस आपल्या वह्या मिटवतो. आपण आज एका वेगळ्याच खात्याकडे वळू, जे गेल्या आषाढात मोठ्या थाटाने उघडले आणि ज्याची शिल्लक नंतर फारशी कुणी पाहिली नाही.

ते खाते रोपांचे. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा आपल्याकडे झाडे लावण्याचा आठवडा झाला. आपल्या राज्याने २०१६ साली दोन कोटी रोपांचा संकल्प सोडला, तो वाढत वाढत २०१९ साली ३३ कोटींवर गेला. संकल्पाला कुणी नावे ठेवू नयेत. पण लावलेल्या रोपांची मोजदाद पावसात होते, आणि जगलेल्यांची करायची तर फाल्गुनात माळावर जावे लागते. तिकडे आपण सहसा जात नाही. गवत पिवळे पडून कडकडीत वाळलेले असते, मुरूम दुपारी पायाला चटके देतो, शेळ्या चुकार हिरव्याच्या शोधात हिंडत असतात आणि पलीकडच्या डोंगरावरून वणव्याची लाल रेघ सरकत असते. तिथल्या खड्ड्यात, काठीच्या आधाराने, आपले आषाढातले रोप उभे असते, असले तर. पावसाळ्यात रोप क्वचित मरते. ते मरते ते होळीपासून मृगापर्यंतच्या तीन महिन्यांत, आणि पहिल्या उन्हाळ्यातून निभावलेच तर पुष्कळदा दुसऱ्या उन्हाळ्यात. म्हणून वनमहोत्सवाचा खरा निकाल होळीपासून पुढे लागू लागतो.

होळीत झाडे तोडू नका, हा उपदेश आजच्या दिवशी सगळीकडे छापून येतो, तो इथे पुन्हा करायचा नाही. आज बोलायचे आहे ते धुळवडीच्या सकाळी उरणाऱ्या गोष्टीबद्दल. विझलेल्या होळीची राख आपण कपाळाला लावतो, थोडी घरी आणतो. त्या राखेच्या तळाशी, जिथे वारा पोचला नाही किंवा रात्री कुणी पाण्याची घागर रिकामी केली, तिथे काही काळे, हलके, हातात घेतले तर खणखणीत वाजणारे तुकडे सापडतात. राख आणि हे तुकडे एकाच लाकडाचे. तरी मातीत गेल्यावर दोघांचे नशीब अगदी निराळे.

लाकूड तापू लागले की आधी त्यातले पाणी जाते, मग वायू सुटतात आणि तेच ज्वाळा होऊन नाचतात. ज्वाळा ओसरली की मागे निखारा राहतो, म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. त्याला हवा मिळत राहिली तर तोही जळतो आणि राख उरते. हवा तोडली किंवा पाणी ओतले तर कोळसा उरतो. राखेत पालाश असते, चुना असतो, पण पहिल्या वळवात त्यातले बरेचसे वाहून जाते. कोळशाचे तसे नाही. जिवंतपणी ज्या बारीक नळ्यांतून झाडाने पाणी वर ओढले, त्या नळ्यांचा सांगाडा कोळशात जसाच्या तसा टिकतो, आणि त्या पोकळ्यांच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर एका ग्रॅमभर कोळशाचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरू शकतो. तिथे पाणी थांबते, विरघळलेली अन्नद्रव्ये चिकटून राहतात, जिवाणू आणि कवकांचे धागे आसरा घेतात. लाकूड कुजले तर त्यातला बहुतेक कार्बन काही वर्षांत हवेत परततो; कोळसा झाला तर त्यातला निम्म्याच्या आसपास मातीत शेकडो वर्षे राहू शकतो. इंधनासाठी नव्हे, मातीत घालण्यासाठी मुद्दाम केलेल्या अशा कोळशाला आज जगभर बायोचार म्हणतात. आपल्याकडे कुणी जैवकोळसा म्हणतात.

नाव नवे, काम फार जुने. अॅमेझॉनच्या खोऱ्यात, जिथली माती पावसाने धुऊन धुऊन निःसत्त्व झालेली असते, तिथे नदीकाठच्या जुन्या वस्त्यांच्या जागी काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे आहेत. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘तेरा प्रेता’, काळी माती, म्हणतात. कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून, सुमारे अडीच हजार ते पाचशे वर्षांपूर्वीच्या काळात, तिथल्या मूळ रहिवाशांनी चुलीतला कोळसा, माशांची हाडे, खापऱ्या, उष्टेखरकटे आणि मलमूत्र मातीत घालत घालत ती घडवली. विम सोंब्रुक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ साली अॅमेझॉनच्या मातीवरच्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली आणि पुढे शास्त्रज्ञांची रांग तिथे लागली. ती माणसे गेली, त्यांच्या वस्त्या गेल्या, रान परत आले. माती मात्र आजही काळी आहे. त्यांनी ती योजून केली की उकिरड्यातून आपसूक झाली, यावर विद्वान अजून भांडतात. आपल्याला त्या भांडणात पडण्याचे कारण नाही. उकिरडा आणि कोळसा एकत्र आले तेव्हा ही माती झाली, एवढे ध्यानात ठेवू. पुढे कामाला येईल.

आता आपल्या डोंगरांकडे पाहू. कारण सह्याद्रीत कोळशाची आठवण इतकी सुखाची नाही. कोळसा पाडणाऱ्या लोणाऱ्यांच्या भट्ट्या एके काळी घाटमाथ्यावर आणि कोकणच्या उतारांवर जागोजाग धुमसत. ऐन, धावडा, खैर, किंजळ अशी जड लाकडे उभी रचायची, त्यांवर गवत आणि माती लिंपायची, वर एक तोंड ठेवायचे आणि आठवडाभर रात्रंदिवस राखण करत आत धग जागती ठेवायची. त्या कोळशावर मुंबई-पुण्याच्या शेगड्या पेटल्या, उपाहारगृहांचा चहा उकळला, धोब्यांच्या इस्त्र्या तापल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारगाड्याही धावल्या. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पानशेत धरणाच्या परिसराबद्दल लिहिले आहे की धरणासाठी रस्ते झाले, त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी डोंगरात पोचले आणि खेडुतांच्या मालकीची राने कवडीमोलाने भट्टीत गेली. एका ठिकाणी हे झाले असते तर हळहळ करून सोडून देता आले असते. पण उतारामागून उतार असा उघडा पडला, उघड्या उतारावरची माती चार पावसाळ्यांत खाली गेली आणि वर मुरूम उरला. आज आपण ज्यांना ‘ओसाड टेकड्या’ म्हणतो आणि जिथे जुलैत बॅनर लावून खड्डे खणतो, त्यांतल्या कितीतरी टेकड्या अशाच ओसाड झाल्या आहेत. त्यांच्यावरचे झाड गेले ते कोळशाच्या गोणीत.

आणि त्या गोण्या भरणारे हात कुणाचे होते, हेही जमाखर्चात यायला हवे. रायगडच्या डोंगरांतली कातकरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या कोळसा पाडत आली. स्वतःची राने उरली नाहीत तेव्हा दिवाळीनंतर उचल घेऊन ती विदर्भ-मराठवाड्यात, पार कर्नाटकात भट्ट्यांवर जाऊ लागली, लेकरेबाळे, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन. आणि उचल फिटेपर्यंत परतायचे नाही, ही अट त्या पैशाला चिकटलेली. जंगलही गेले आणि माणूसही बांधला गेला. तेव्हा आज कोळशाचे गुण गाताना आपल्या आवाजाला थोडी लाज असावी. सह्याद्रीवर कोळशाचे ऋण आहे असे नाही. कोळशावर सह्याद्रीचे ऋण आहे, आणि ते मातीत परत घालूनच फेडता येईल.

अग्नीने माती कसदार करण्याची एक रीत मात्र आपल्या घरचीच आहे. भाताची रोपे जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, त्यावर टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वरून माती भुरभुरवायची आणि फाल्गुन ते वैशाखात केव्हातरी वारा पडलेला पाहून खालच्या अंगाने पेटवायचे, ही राबभाजणी कोकण-मावळात कुणाला सांगावी लागत नाही. वर माती असल्याने राब भडकत नाही, धुमसतो. तणाचे बी भाजून मरते, राखेतून चुना-पालाश मिळते आणि हवेअभावी काही भाग काळाच राहून मातीत मिसळतो. म्हणजे अर्ध्यावर थांबवलेला अग्नी आपल्या शेतकऱ्याला ठाऊक होता. पण इथेही गोडवे जपूनच गावेत. राबासाठी दरवर्षी ऐन-किंजळीच्या फांद्या छाटून कवळ बांधावे लागत, आणि त्या छाटणीने गावालगतची राने खुरटून काठीसारखी झाली. इंग्रजी अमलात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत हाच टहाळ तोडण्याचा हक्क खातेदार आणि जंगल खाते यांच्या भांडणाचे मूळ झाला; १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राबाचा प्रश्न ठळकपणे होता. एका एकराचे भात पोसायला कितीतरी एकरांचे रान झिजवायचे, हा हिशेब तेव्हाही जुळत नव्हता.

मग आज खड्ड्यात कोळसा घातल्याने देशी रोप जगते का? उत्तर हो असे आहे, पण माती पाहून. १९४८ साली अर्ल ट्रायन या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने कोळशाचा जंगलाच्या मातीवरचा परिणाम मोजला. रेताड मातीत झाडाला मिळणारे पाणी वाढले. मध्यम पोताच्या मातीत फरक पडला नाही. चिकणमातीत ते उलट घटले. पाऊणशे वर्षांनंतरही या एका निरीक्षणाला धक्का लागलेला नाही, आणि आपण ते आपल्या माळाला लावून पाहिले तर मुरमाड, भरड, पाणी न धरणारी जमीन ही कोळशाची जागा ठरते. २०१५ साली थॉमस आणि गेल या संशोधकांनी झाडांवरच्या तोवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा कोळसा मिळालेल्या रोपांची वाढ सरासरी ४१ टक्क्यांनी अधिक दिसली. फरक प्रयोगागणिक फार मोठा, पण वाढीच्या पहिल्या टप्प्यात आणि उष्ण कटिबंधात परिणाम विशेष ठळक. पिकांबाबत २०१७ साली झालेल्या अशाच आढाव्यात उष्ण प्रदेशात सरासरी २५ टक्क्यांची वाढ निघाली आणि समशीतोष्ण प्रदेशात जवळजवळ काहीच नाही. कारण सरळ आहे. आम्ल, धुपलेल्या, कस गेलेल्या मातीला कोळशाचा क्षार आणि त्याची धरून ठेवण्याची शक्ती उपयोगी पडते. जिचे पोट आधीच भरलेले आहे तिला त्याची गरज नसते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्ल, तिच्यातले लोह स्फुरदाला घट्ट धरून बसते. तिथे कोळसा कामाचा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या कापसाच्या जमिनीचा सामू आधीच चढा असतो आणि ती पाणी स्वतःच धरते. तिथे खड्ड्यात कोळसा ओतणे हा वाया श्रम, क्वचित अपायही.

कुणी विचारील, देशी झाडांना हे लाड कशाला? ऐन, धावडा, कुसुंब, बिबा, मोई ही झाडे तर याच दगडधोंड्यांत हजारो वर्षे वाढली. प्रश्न रास्त आहे. पण ती वाढली ती उघड्या मुरमात नव्हे. पायाशी वीतभर पालापाचोळा, त्याखाली कुजून काळी झालेली माती, तिच्यात मुळांना अन्न-पाणी पोचवणाऱ्या कवकांचे जाळे आणि वर आईझाडांची सावली, अशा घरात त्यांचे बी रुजत आले. ते घर मोडले आहे. झाड तेच आहे, उतारही तोच आहे, मधली माती तेवढी गेली आहे. खड्ड्यात घातलेला, शेणखतात मुरवलेला कोळसा त्या गेलेल्या मातीची जागा पुरती घेऊ शकत नाही. रोपाला दोन उन्हाळे पार पडेपर्यंत तिची उणीव थोडी भरून काढतो, इतकेच. पुढे झाडाची स्वतःची पानगळ सुरू होते आणि ते आपली माती आपण करू लागते.

म्हणूनच जिथे ते घर मोडलेले नाही तिथे आपण लुडबुड करू नये. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे सडे, कासचे पठार, सोलापूर-नगरचे गवताळ माळ यांची माती उथळ आणि गरीब आहे, पण ती तशीच असण्यावर तिथले जग उभे आहे. पाऊस पडताच बोटभर मातीत फुलणारी इवली फुले, कीटक खाणाऱ्या वनस्पती, माळावरचा लांडगा, माळढोक या साऱ्यांना खड्डा, कोळसा आणि झाड ही तिन्ही संकटेच आहेत. गरीब मातीला कस दिला की आधी तण माजते आणि गरिबीत टिकण्याची कला साधलेली देशी रोपटी त्याच्याखाली गुदमरतात. ‘पडीक’ असा शिक्का मारून आपण कितीतरी माळ झाडांनी बिघडवले. त्यांवर आता कोळशाचा थर नको. मोडलेला उतार आणि मुळातला माळ यांतला भेद करता येणे, हे खड्डा खणण्याआधीचे ज्ञान आहे, आणि ते गावातल्या गुराख्याला आपल्यापेक्षा जास्त असते.

कोळसा कशाचा करायचा, हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न. एक झाड जगवण्यासाठी दुसरे तोडायचे नाही, ही अट पहिली. नशिबाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, आपल्याकडे नको असलेले लाकूड उदंड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलेली घाणेरी आज व्याघ्र प्रकल्पांपर्यंत पसरली आहे. ओढ्यानाल्यांत, गायरानांत वेडी बाभूळ बोकाळली आहे. तिचे लाकूड जड, कोळसा उत्तम, आणि नुसती वरून तोडली तर दुप्पट फुटवे फेकणारी जात, म्हणून ती बुडख्यासकट काढावी लागते. रानमोडी, सुबाभूळ आहेतच. विदर्भात याच दिवसांत बांधाबांधांवर पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवून दिल्या जातात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने अशाच काड्यांसाठी तेलाच्या पिंपातून साधी कोळसाभट्टी तयार केली आहे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून चुलीसाठी कोळसा करून दाखवला, त्यासाठी २००२ साली तिला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा मातीसाठी नव्हता, पण जाळून टाकायच्या पाचटाला किंमत आहे हे त्याने शिकवले. आणि शहरांपुढे स्टॉकहोमचे उदाहरण आहे. त्या नगरपालिकेने २०१७ पासून नागरिकांच्या बागांतला फांद्यांचा कचरा घेऊन त्याचा कोळसा करायला सुरुवात केली. खडी आणि कोळसा यांच्या मिश्रणात रस्त्याकडेची झाडे लावली जातात, आणि त्या प्रकल्पातून उष्णता मिळते ती थंडीत घरे उबदार ठेवायला जाते. आपल्याकडे उबेचा प्रश्न नाही, फांद्यांचा आहे. पावसाळ्यापूर्वी छाटलेल्या फांद्यांचे ट्रक कुठे रिते होतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

रीत अवघड नाही. पूर्वीच्या झाकलेल्या भट्टीत आठवडाभर धूर कोंडत असे. आता शंकूच्या आकाराचा, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा पुरतो. तळाशी वाळक्या काटक्या पेटवायच्या. निखाऱ्यावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा. वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते, म्हणून खालचे निखारे राख होण्यापासून वाचतात, आणि धुरातले वायूही त्याच ज्वाळेत जळून जातात. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतायचे, अगदी तळापर्यंत. अर्धवट विझवलेला कोळसा रात्री पुन्हा पेटतो आणि फाल्गुनातल्या वाऱ्यात त्याचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. भोवती गवत काढून जाळरेषा हवी, दोन माणसे राखणीला हवीत. लाकूड कोरडे असावे, त्यात रंगवलेल्या फळ्या किंवा प्लॅस्टिक नसावे. कोळसा ओला असतानाच हरभऱ्याएवढा कुटावा, कारण सुकी भुकटी छातीत जाते.

आणि इथेच उत्साही मंडळी चुकतात. ताजा कोळसा तसाच खड्ड्यात घातला तर तो भुकेला असतो. मातीतले नत्र आधी स्वतःकडे ओढतो आणि रोप पिवळे पडते. मग कोळसा वाईट, असा निकाल दिला जातो. त्याला आधी खाऊ घालावे लागते. कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट बरोबरीने मिसळून, वर गोमूत्र शिंपून, ओलसर ढीग सावलीत महिनाभर मुरू द्यायचा. अॅमेझॉनच्या माणसांचा उकिरडा आपल्याला इथे भेटतो. दीड फूट लांब, रुंद आणि खोल अशा नेहमीच्या खड्ड्यात नव्वद लिटरच्या आसपास माती बसते. तिच्यात वीसातला एक ते दहातला एक हिस्सा कोळसा, म्हणजे साधारण अर्धी बादली, पुष्कळ झाला. त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची ओंजळभर माती त्यात मिसळली तर ओळखीची कवकेही येतात. ती माती देवराईतून आणू नये, हे सांगायला नकोच. जिथली वाळली काटकी उचलायची नाही तिथली ओंजळही उचलायची नाही.

हे सारे करूनही कोळसा पाणी निर्माण करत नाही. जे मिळाले ते तो थोडे अधिक दिवस धरून ठेवतो. महिन्यातून चार वेळा पाणी द्यावे लागत असेल तिथे कदाचित तीन वेळा पुरेल. मुळीच दिले नाही तर कोळसा घातलेले रोप बिनकोळशाच्या रोपाशेजारीच मरेल. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन, शेळीपासून काटेरी कुंपण, वणव्यापासून जाळरेषा, यांपैकी एकही काम त्याने कमी होत नाही. बायोचारची पोती घेऊन फिरणारे विक्रेते हे सांगत नाहीत. शिवाय आता त्याला कार्बन बाजारही जोडला गेला आहे, कारण जमिनीत पुरलेला कोळसा म्हणजे हवेतून काढून ठेवलेला कार्बन. हिशेब खोटा नाही, पण आपला अनुभव आपल्याला सावध करतो. ज्या दिवशी कोळशाला भाव चढेल त्या दिवशी घाणेरीच्या जुडग्यात धावड्याची फांदी शिरेल, पुन्हा उचल दिली जाईल आणि पुन्हा एखादे कुटुंब भट्टीवर अडकेल. कोळसा गावातच व्हावा, गावातल्या नको असलेल्या लाकडाचा व्हावा, तो पाडणाऱ्याला रोजच्या रोज दाम मिळावे आणि तो गावच्याच खड्ड्यांत जावा. त्यापलीकडे त्याचा व्यापार होऊ लागला की लोणाऱ्यांच्या काळातली गोष्ट नव्या नावाने सुरू झाली असे समजावे. कोळसा जाणणाऱ्या आणि कुशल हातांनी तो पाडू शकणाऱ्या कातकरी माणसांना या कामात मजूर म्हणून न बोलावता उस्ताद म्हणून बोलावता येईल का, हेही आपण पाहायला हवे.

धुळवड ओसरली की दिवस भराभर जातात. हिवाळ्यात काढलेली वेडी बाभूळ आता खडखडीत वाळली असेल. तिचा कोळसा चैत्र लागण्याआधी पाडला तर शेणखतात मुरायला अक्षय्य तृतीयेपर्यंत अवधी मिळतो, आणि वळवाआधी खणलेले खड्डे उन्हाने चांगले तापतात. बियांचेही दिवस हेच. आज लालभडक फुललेल्या पळसाच्या पापड्या वैशाखात झडतील, त्या शिळ्या न करता लगेच पेराव्या लागतात. काटेसावरीची बोंडे फुटण्याआधी झाडावरून उतरवावी लागतात. हिरडा, बेहडा झाडाखाली केव्हाचा पडला आहे. जुलैत रोपवाटिकेच्या दारात उभे राहिले तर गुलमोहर मिळतो, काशिद मिळते, कुसुंब आणि धावडा मागितला की माळी मान हलवतो, कारण तो कुणी आधी सांगितलेलाच नसतो. ते सांगणे या आठवड्यात व्हावे. आणि १ मेच्या ग्रामसभेत आषाढातल्या खड्ड्यांचा आकडा ठरेल तेव्हा त्याच कागदावर, प्रत्येक उतारापुढे, पुढच्या होळीपासून मृगापर्यंत आणि त्याच्या पुढच्याही, पाणी कोण घालणार त्यांची नावे लिहून घ्यावीत. नावे जितकी भरतील तितकेच खड्डे खणावेत.